हातोडा पडण्याआधीचा हिशेब

परदेशातल्या ऑनलाइन लिलावांबद्दल या अंकासाठी इतकी पत्रं आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘किती बोली लावू?’ अशी आहे. उत्तरांत आम्ही उलट्या बाजूने निघालो आहोत: आधी कागद, मग घराची अवस्था, मग दरवर्षीचा खर्च, आणि या सगळ्यातून उरेल तो बोलीचा आकडा.

प्रश्न (सांगली): मी भारतातच राहतो. परदेशात लिलावात घर घेणं कायद्यात बसतं का? पैसे कसे पाठवायचे? अनामत क्रेडिट कार्डाने भरली तर चालेल?

कायद्यात बसतं. परदेशी गुंतवणुकीचे २०२२ चे नियम निवासी भारतीयाला परदेशात घर किंवा जमीन विकत घ्यायची मुभा देतात. पैसे जातात ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतून. माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर ही मर्यादा आहे. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खे भाऊ-बहीण यांना आपापली मर्यादा एकत्र करता येते, पण ज्याचे पैसे जातील त्याचं नाव खरेदीखतावर सहमालक म्हणून यायला हवं. चुलत-मावस भाऊ आणि मित्र या व्याख्येत बसत नाहीत. चार मित्रांनी पैसे जमवून एकाच्या नावावर घर घेण्याचा बेत असेल तर तो इथेच थांबवा.

बँकेत ए-टू फॉर्म भरावा लागतो. त्यात परदेशातल्या स्थावरासाठी ‘एस ०००५’ हा उद्देश-कोड आहे. पॅन हवाच. खातं त्या बँकेत किमान वर्षभर जुनं असावं, नसेल तर बँक मागच्या वर्षाचे खाते-उतारे मागते. या पैशासाठी बँक कर्ज देऊ शकत नाही, त्यामुळे ‘गृहकर्जातून भागवू’ हा विचार काढून टाका.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने आगाऊ कापायचा आयकर. वर्षात १० लाख रुपयांच्या वर जेवढी रक्कम पाठवाल, तिच्यावर बँक २० टक्के कापते. समजा ३५ लाख पाठवायचे आहेत, तर वरच्या २५ लाखांवर ५ लाख टीसीएस. म्हणजे खात्यात ४० लाख आणि त्यावर बँकेची फी एवढी तयारी हवी. हे ५ लाख बुडत नाहीत, आयकर विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकून पडतात. लिलाव जिंकल्यावर पैसे कमी पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

क्रेडिट कार्ड वापरू नका. घर-जमीन हा भांडवली व्यवहार आहे, तो अधिकृत बँकेतून एलआरएसनेच व्हायला हवा. नोंदणीसाठी कार्डावर रक्कम अडकवून ठेवण्याची अट असेल तर लिलावगृहाला आधीच लिहून बँकेने पैसे पाठवण्याची परवानगी मागा, किंवा तिथल्या वकिलाच्या ग्राहक-खात्यात पैसे ठेवून त्याच्यामार्फत बोली लावा. बोली हुकली आणि पैसे तिकडेच पडून राहिले तर १८० दिवसांत ते दुसरीकडे गुंतवा नाहीतर भारतात परत आणा. हा नियम पुष्कळांना माहीत नसतो आणि दोन-तीन लिलाव हुकलेल्या माणसाला तोच नडतो.

प्रश्न (कोल्हापूर): इंग्लंडमध्ये डरहॅम परगण्यात दोन खोल्यांचं चाळवजा घर लिलावात आहे, गाइड प्राइस ३५,००० पौंड. धाकटा भाऊ लीड्सला असतो, दोघांच्या नावावर घ्यायचा विचार आहे. एवढं स्वस्त का? कुठपर्यंत बोली लावावी?

स्वस्त का, ते आधी. हॉर्डन, ईझिंग्टन ही त्या भागातली गावं कोळसा खाणींसाठीच वसली. हॉर्डनची खाण १९८७ मध्ये बंद झाली, ईझिंग्टनची १९९३ मध्ये. खाणकामगारांसाठी बांधलेल्या ओळीच्या ओळी उरल्या, काम उरलं नाही. घरं पक्क्या विटांची आहेत, पण काही गल्ल्यांत निम्मी रिकामी असतात. म्हणून गावाचं नाव कळून भागत नाही, गल्ली बघावी लागते. भाऊ लीड्सला आहे तर त्याला दोनदा पाठवा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. शेजारची दोन्ही घरं वापरात आहेत का, ते बघायला सांगा. रिकाम्या शेजारघराच्या फुटक्या छपरातून शिरलेलं पाणी सामायिक भिंतीतून तुमच्याकडे येतं.

गाइड प्राइस, म्हणजे लिलावगृहाने जाहीर केलेला अंदाज, ही किंमत नाही. विकणाऱ्याची गुप्त किमान किंमत गाइडपेक्षा १० टक्क्यांपर्यंत वर असू शकते, आणि खरी विक्री त्याच्याही बरीच वर जाते.

आता लिलावाचा प्रकार. पारंपरिक पद्धतीत हातोडा पडला की करार झाला. ऑनलाइनमध्ये घड्याळ शून्यावर आलं की हातोडा पडला असं समजायचं, आणि शेवटच्या मिनिटाला बोली आली तर घड्याळ पुढे सरकतं. त्याच दिवशी १० टक्के अनामत, आणि उरलेली रक्कम बहुधा २८ दिवसांत. दुसरी ‘मॉडर्न मेथड’: तिच्यात परत न मिळणारी राखीव-फी भरायची आणि व्यवहार ५६ दिवसांत पुरा करायचा. ही फी बहुतेक वेळा घराच्या किमतीत धरली जात नाही, वरून जाते. ३५ हजारांच्या घरावर ती चांगलीच जड पडते, तेव्हा आकडा आधी वाचा.

लीगल पॅक, म्हणजे घराच्या कायदेशीर कागदांचा संच, फुकट डाउनलोड होतो. त्यातले सगळे कागद सारख्या महत्त्वाचे नसतात. प्रथम ‘स्पेशल कंडिशन्स’ उघडा. पान दोन-तीनच असतात, पण विकणाऱ्याचा खर्च तुमच्या गळ्यात घालायची जागा तीच. विकणाऱ्याच्या वकिलाची फी, त्याने केलेल्या शोधांचा खर्च, लिलावगृहाचं कमिशन, मागच्या भाडेकरूची थकबाकी: यातलं काहीही ‘खरेदीदाराने द्यावं’ म्हणून लिहिलेलं सापडतं. मुदत २८ दिवसांऐवजी १४ केलेली असेल तर तीही इथेच. भारतातून पैसे पाठवणाऱ्याने १४ दिवसांच्या अटीचं घर सोडून द्यावं.

मग मालकीचा उतारा. हक्क ‘ॲब्सोल्यूट’, म्हणजे पूर्ण, आहे की ‘पझेसरी’, म्हणजे नुसत्या ताब्यावर उभा आहे, ते बघा. लीजहोल्ड, म्हणजे ठराविक वर्षांच्या पट्ट्यावरचं घर, असेल तर उरलेली वर्षं मोजा. ८० च्या खाली आली की मुदतवाढ महाग होते आणि पुढच्या खरेदीदाराला कर्ज मिळणं अवघड जातं. या भागात कोळसा-खाण अहवाल पॅकमध्ये नसेल तर स्वतः मागवा. घराला लागून खाणीत उतरणारी जुनी उभी शाफ्ट निघाली तर ते घर पुढे फक्त रोखीवाल्यालाच विकता येतं. आणि लिलावाच्या दिवशी सकाळी पुरवणी पत्रक पुन्हा बघा. अटी शेवटच्या तासाला बदलतात आणि बदललेल्याच लागू होतात.

बोलीच्या आकड्यात सगळ्यात मोठा खड्डा मुद्रांक शुल्काचा आहे. इंग्लंडमध्ये दुसरं घर असलेल्याला ५ टक्के अधिभार लागतो आणि ‘दुसरं’ घर जगात कुठलंही धरतात, कोल्हापुरातलं राहतं घरसुद्धा. अनिवासी खरेदीदाराला आणखी २ टक्के. दोन भावांपैकी एकालाच हे लागू होत असलं तरी पूर्ण किमतीवर लागतं. मात्र हे दोन्ही अधिभार ४०,००० पौंडांपासून सुरू होतात. ३९,५०० ला घर मिळालं तर शुल्क शून्य. ४०,५०० ला मिळालं तर ७ टक्क्यांनी २,८३५ पौंड. हजार पौंडांच्या चढाओढीत जवळजवळ चार हजार जातात. त्यातही विकणाऱ्याचा खर्च किंवा मॉडर्न मेथडची राखीव-फी तुमच्यावर आली असेल तर ती शुल्कासाठी किमतीत मिळवली जाऊ शकते, म्हणजे हातोडा ३९,५०० ला पडूनही रेषा ओलांडली जाते. वकिलाकडून ही बेरीज लिलावाआधी लेखी घ्या. या घरासाठी बोलीची मर्यादा ४० हजारांच्या आत, या खर्चाइतकी खाली धरा. ती रेषा ओलांडायचीच झाली तर मग ७ टक्के धरून घर परवडतं का, असा हिशेब नव्याने मांडा.

घेतल्यानंतरचं थोडक्यात. करार झाल्या क्षणापासून घराची जोखीम बहुधा तुमची, तेव्हा विमा त्याच दिवशी, आणि तो ‘रिकाम्या घराचा’ असावा, कारण साधी पॉलिसी घर एक-दोन महिने रिकामं राहिलं की बरंचसं संरक्षण काढून घेते. वर्षाहून अधिक रिकामं राहिलं तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, दुप्पट करायचा अधिकार कौन्सिलला आहे. भाड्याने द्यायचं तर ऊर्जा-प्रमाणपत्र किमान ‘ई’ हवं, आणि डरहॅमच्या मोठ्या भागात २०२२ पासून घरमालकाला कौन्सिलचा परवाना लागू झाला. तुमची गल्ली त्यात येते का, ते कौन्सिलच्या नकाशावर दिसतं. तुम्ही भारतात असाल तर तुमच्या वाट्याच्या भाड्यातून एजंट २० टक्के कर कापतो, अर्ज करून ही कपात थांबवता येते. घरात भाडेकरू असेल तर तो भाडेकरू सुद्धाच घेतला असं समजा: २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने कारण न देता नोटीस देऊन घर रिकामं करून घेण्याची वाट बंद केली आहे.

प्रश्न (ठाणे): डेट्रॉइटमध्ये थकीत करापोटी जप्त झालेली घरं काही हजार डॉलरला जातात असं वाचलं. एखादं घेऊन भाड्याने द्यावं का?

आम्ही नको म्हणू, आणि का ते नीट सांगतो.

१९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ४० हजारांच्या खाली आली. घरं मात्र साडेअठरा लाखांसाठी बांधलेली. मिशिगनच्या कायद्याने मालमत्ता कर साधारण तीन वर्षं थकला की काउंटीचा खजिनदार न्यायालयामार्फत घर ताब्यात घेतो आणि ऑनलाइन लिलावात काढतो. वेन काउंटीत सप्टेंबरच्या फेरीत किमान बोली थकलेला कर आणि खर्च एवढी असते. तिथे उरलेली घरं पुढच्या फेरीत त्याहून कितीतरी खाली सुरू होतात. म्हणजे अगदी स्वस्त दिसणारं घर बऱ्याचदा आदल्या फेरीत स्थानिक माणसांनी बघून सोडलेलं असतं.

आतून बघता येत नाही. लोक राहत असतील तर दार वाजवायचीही परवानगी नसते. मिळतं ते क्विटक्लेम डीड, आपल्याकडच्या हक्कसोडपत्राच्या जातीचं: ‘आमच्याकडे जो काही हक्क आहे तो तुम्हाला दिला’, हक्क चोख आहे याची हमी नाही. जुन्या मालकाला किंवा त्याच्या वारसाला जप्तीची नोटीस नीट पोचली नव्हती असं पुढे निघालं तर वाद उभा राहतो. त्यामुळे टायटल (मालकी हक्काचा) विमा देणाऱ्या कंपन्या अशा घराला लगेच विमा देत नाहीत, आधी ‘क्वाएट टायटल’ दावा लावून न्यायालयाकडून हक्क स्वच्छ करून आणायला सांगतात. वकिलाची फी आणि काही महिने यात जातात, आणि तोवर घर विकलं तर मातीमोल.

यादी वाचताना पत्त्यावर विसंबू नका, पार्सल नंबर, म्हणजे जागेचा नोंदणी क्रमांक, धरा. जळालेल्या किंवा पाडलेल्या घराच्या जागी शेजारच्या धडक्या घराचा फोटो डोळ्यांसमोर राहतो. रस्त्यावरच्या छायाचित्राची तारीख पाहा, चार वर्षांपूर्वीचं छप्पर आज नसतं. शहराच्या धोकादायक इमारतींच्या यादीत नंबर आहे का, ते तपासा. तिथल्या माणसाला पैसे देऊन चारी बाजूंचे फोटो काढून घ्या आणि दोन गोष्टी खास बघायला सांगा: गॅसचा आणि विजेचा मीटर जागेवर आहे का. मीटर काढून नेलेलं घर बराच काळ बंद आहे. बंद घरातून तांब्याचे पाइप, घर गरम ठेवणारी भट्टी, वॉटर हीटर भंगारवाले उचलतात. पाइप राहिले असलेच तर हिवाळ्यात आतलं पाणी गोठून फुटतात. म्हणून ऑक्टोबरात घर हाती आलं तर पहिलं काम पाणी उतरवण्याचं: मुख्य तोटी बंद, सगळे नळ उघडे, वॉटर हीटर रिकामा, संडास आणि सिंकच्या ट्रॅपमध्ये बिनविषारी अँटिफ्रीझ. ठाण्यात बसून हे कुणाकडून करून घेणार, याचं उत्तर नसेल तर बोली लावू नये.

कराचंही बघा. मिशिगनमध्ये करपात्र मूल्याच्या वाढीला वर्षाला ५ टक्के किंवा महागाई, यातलं कमी ते, एवढी वेसण असते. घर हस्तांतरित झालं की पुढच्या वर्षी ती सुटते आणि मूल्य बाजारभावाच्या निम्म्यावर येऊन बसतं. हा बाजारभाव शहर ठरवतं, तुमची लिलावातली किंमत त्याला बांधून ठेवत नाही. समजा शहराने ४०,००० डॉलर धरले, तर करपात्र २०,०००. मालक स्वतः राहत नसेल तर डेट्रॉइटचा दर हजारी ८० डॉलरच्या वर जातो, म्हणजे वर्षाला १,६०० डॉलरहून जास्त. पाच-सहा हजारांच्या घरावर हा आकडा मांडून बघा. अशीच घरं तीन वर्षांनी पुन्हा त्याच लिलावात येतात, कारण लांबून घेणाऱ्यांनी हा कर धरलेलाच नसतो.

पुढे विकताना परदेशी मालकाच्या विक्रीरकमेतून साधारणपणे १५ टक्के आधी कापून अमेरिकी करखात्याकडे जातात, नफा असो वा तोटा. विवरणपत्र भरून जास्तीचे परत मिळवावे लागतात.

एक वेगळी वाट आहे ती डेट्रॉइट लँड बँकेची, म्हणजे शहरातली रिकामी घरं विकणाऱ्या सार्वजनिक संस्थेची. तिथे बोली १,००० डॉलरपासून सुरू होते, पण घर सहा महिन्यांत दुरुस्त करून वापरात आणायची अट असते, नाहीतर ते परत घेण्याचा हक्क लँड बँकेकडे. तिथेच राहणाऱ्या मराठी माणसाने, हाताशी ठेकेदार असेल तर, जरूर विचार करावा. भारतात बसून करायचं ते काम नाही.

प्रश्न (पुणे): जपानमधली ‘अकिया’, म्हणजे रिकामी पडलेली, घरं न्यायालयीन लिलावात घेता येतात का? घर घेतलं की व्हिसा मिळतो?

व्हिसा मिळत नाही. घर घ्यायला परदेशी माणसाला सर्वसाधारण बंदी नाही, शेतजमीन जोडलेली असेल तर मात्र स्थानिक कृषी समितीची परवानगी लागते. २०२३ च्या पाहणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी होती, त्यामुळे निवड मोठी आहे.

न्यायालयीन लिलावाची यादी ऑनलाइन दिसते, पण बोली साधारणतः पाकिटात, ठरलेल्या मुदतीत जाते, आणि मूळ किमतीच्या २० टक्के अनामत आधी भरावी लागते. प्रत्येक घराबरोबर तीन कागद असतात: मालमत्तेचा तपशील, प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल आणि मूल्यांकन. तिन्ही जपानीत. पाहणी अहवालात खोल्यांचे फोटो आणि आत कोण राहतं ते असतं, तो पैसे देऊन भाषांतरित करून घ्याच. दोन गोष्टी शोधा. बांधकाम परवानगी जून १९८१ च्या आधीची असेल तर घर जुन्या भूकंप-निकषांचं आहे. आणि जमीन ४ मीटर रुंद रस्त्याला किमान २ मीटर भिडत नसेल तर पाडून नवं बांधायची परवानगी सहसा मिळत नाही. अशी घरं अतिस्वस्त असतात, कारण त्यांना पुढचं आयुष्यच नाही. भारतात राहून घेतलंत तर २० दिवसांत बँक ऑफ जपानमार्फत अहवाल द्यायचा आणि कर भरण्यासाठी तिथला प्रतिनिधी नेमायचा.

प्रश्न (मडगाव): इटलीत एक युरोत घर मिळतं, ते खरं का?

खरं आहे. सिसिलीतल्या सांबुकाने २०१९ मध्ये एक युरोपासून लिलाव सुरू केले, बरीच घरं हजारोंत गेली. ५,००० युरो हमी ठेवायची आणि तीन वर्षांत दुरुस्ती पुरी करायची, नाही केली तर हमी जप्त. खरा खर्च दुरुस्तीचा, तो घराच्या किमतीशी ताडून बघण्यात अर्थच नाही. युरोपीय संघाबाहेरच्या, तिथे न राहणाऱ्या खरेदीदाराला परस्परतेची अटही लागते, म्हणजे तुमच्या देशात इटालियन माणसाला तसा हक्क आहे का, हे नोटरी बघतो. भारतीय पासपोर्टवर हा प्रश्न नोटरीला आधी विचारा, बोलीनंतर नव्हे. गोव्यातल्या ज्या वाचकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे ते युरोपीय संघाचे नागरिक, त्यांना ही अट नाही.

प्रश्न (नागपूर): घराचं भाडं परदेशातच राहू दिलं तर भारतात काही दाखवावं लागतं का?

लागतं, भाडं शून्य असलं तरी. निवासी भारतीयाने विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात घर दरवर्षी दाखवायचं. लपवलं तर काळा पैसा कायदा, २०१५ खाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला दिलेली सूट स्थावराला लागू नाही, तेव्हा पाच लाखांचं डेट्रॉइटचं घरही सुटत नाही. भाडं भारतात करपात्र आहे, तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण त्यासाठी वेगळा फॉर्म आणि तिकडच्या कराची पावती हवी. अनिवासी असताना घेतलेलं घर भारतात परतल्यावरही ठेवता येतं, फेमा या परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) मध्ये तशी तरतूद आहे. परतल्यावर तेही याच तक्त्यात येतं.

प्रश्न (नाशिक): बोली जिंकली, पण आता घर नको आहे. माघार घेता येईल का?

इंग्लंडमध्ये पारंपरिक लिलाव असेल तर करार झालेला आहे. मुदत चुकली की विकणारा नोटीस देतो, बहुधा १० कामकाजी दिवसांची, आणि त्या काळाचं व्याज चढतं. तेही चुकलं तर १० टक्के अनामत जाते, आणि घर दुसऱ्यांदा कमी किमतीला गेलं तर फरक तुमच्याकडून वसूल करता येतो. मॉडर्न मेथडमध्ये राखीव-फी जाते, बहुधा तेवढ्यावर भागतं. जपानच्या न्यायालयीन लिलावात २० टक्के अनामत जाते. अमेरिकी काउंटीच्या लिलावात अनामत तर जातेच, पुढच्या लिलावांतून नावही बाद होऊ शकतं.

तुमच्या पत्रात लिलावाची पद्धत लिहिलेली नाही. ईमेलला जोडून आलेल्या करारपत्रात ‘रिझर्व्हेशन’ (मॉडर्न मेथड) हा शब्द आहे की ‘मेमोरँडम ऑफ सेल’ (पक्का विक्री-करार), ते आज बघा. मेमोरँडम असेल तर माघारीचा विचार सोडून तिथल्या वकिलाला आजच मुदतवाढ मागायला सांगा. विकणारे रोजच्या व्याजावर कधी कधी दोन-तीन आठवडे देतात, पण मुदत उलटण्याआधी मागितली तरच.